हंगामाचा बाजार दिवाळीआधीच भरू द्या : पास्टोरेट कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, कमिटीचे सेक्रेटरीसाहेब, खजिनदारसाहेब आणि सर्व सभासद बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावात सलाम.

पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानायचा हंगामाचा सण आणि त्याला जोडून चर्चच्या अंगणात भरणारा बाजार यंदापासून नाताळच्या आठवड्यात घ्यायचा, असं चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीने ठरवल्याचं गेल्या रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवलं. त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी होत्या. खाण्याचे आणि खेळाचे स्टॉल तालुक्याच्या गावातल्या एका ठेकेदाराला ठरावीक रकमेवर द्यायचे, आणि तिकिटं विकून बक्षिसांची सोडत काढायची. बाजाराचं काम वर्षानुवर्षं अंगावर घेणाऱ्या महिला मंडळाच्या बायका आणि तरुण संघाची मुलं त्या वेळी तिथेच बसलेली होती. निर्णय आम्हाला इतरांबरोबरच कळला. मीटिंगमध्ये हात वर करून दोन मिनिटांत मांडावी इतकी ही बाब लहान नाही, आणि गावातल्या, पुण्या-मुंबईतल्या नि ऊसतोडीच्या फडावरच्या सगळ्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांची, ती आहे. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. बाजार दसरा ते दिवाळीच्या दरम्यानच्या रविवारीच भरवा. ठेका देऊ नका. सोडत काढू नका.

कमिटीची अडचण खोटी नाही. चर्चच्या छताची पश्चिमेकडची बाजू गळते. वाशांना वाळवी लागली आहे आणि मंगलोरी कौलं आता जवळपास कुठे मिळत नाहीत. पाळकांचा पगार, धर्मप्रांताला भरायची रक्कम, विजेचं बिल, सगळं वेळेवर द्यावं लागतं. गेल्या दोन वर्षांत सणात वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावाला आधीसारखी बोली लागली नाही, हेही खरं. नाताळात पुण्या-मुंबईची, पिंपरी-चिंचवडची माणसं गावी येतात, त्यांच्या हातात नोकरीचा पैसा असतो, तेव्हा बाजार भरवला तर रक्कम दुप्पट होईल, हा कमिटीचा हिशेब. हिशेब कागदावर बरोबर बसतो. मात्र नाताळात गावात कोण नसतं, हे त्यात कुठेच धरलेलं नाही.

आपल्या शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यातून ऊसतोडीला किती घरं जातात हे कमिटीला मी सांगायला नको. कमिटीतल्या निम्म्या लोकांच्या भावकीत कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, आहेत. दसरा झाला की टोळ्या नेणाऱ्या मुकादमाचे फोन सुरू होतात. मजुरीची आगाऊ उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि बऱ्याच घरात ती खर्चूनही झालेली असते. दिवाळीच्या मागेपुढे ट्रॅक्टर येतो. पत्र्याची पेटी, ज्वारी-बाजरीची पोती, शेळी, कोंबड्यांचा खुराडा, राहायची कोपी (झोपडी) बांधायला बांबू आणि वर लहान लेकरं असं सगळं भरून माणसं कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत जातात. नोव्हेंबरात गाळप सुरू होतं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत, परत येणं नाही. नाताळची उपासना त्यांना मिळत नाही. कोपीपुढे चांदणी लावून, मोबाईलवर गाणी लावून ते नाताळ करतात आणि पहाटे चारला पुन्हा फडात उतरतात.

या घरांना वर्षात मंडळीबरोबर एकच मोठा सण पूर्ण मिळतो, तो हंगामाचा. तो नाताळात नेला तर त्यांचा तोही गेला.

आता ही माणसं बाजाराला काय आणतात ते सांगते. चर्चचं दार उघडलं की वेदीपुढे आपण ताडपत्री अंथरतो, तिच्यावर धुतलेली पांढरी चादर. एकेक घर पुढे येतं. कुणाकडे दोन-तीन एकर कोरडवाहू आहे ते पोतं आणतात. ज्यांची जमीन गुंठ्यातच मोजावी लागते ते मापट्यात आणतात. मापटं भरताना बाजरी हाताने दाबत नाहीत, वर शीग येऊ देतात आणि ती शीग सांडू नये म्हणून तळहात आडवा धरून वेदीपर्यंत चालत येतात. तिथे मापटं उपडं केलं की बाजरी घरंगळत राशीच्या पायथ्याला जाते आणि कुणाची कोणती हे क्षणात कळेनासं होतं. मागून कपाशीची पहिली वेचणी येते, पदरात बांधलेली अंडी येतात, भोपळा, कोहळा, शेंगा, पाय बांधलेला कोंबडा. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी दुसऱ्याच्या रानात काढणी करून मजुरीत मिळालेली बाजरी असते, त्यातला वाटा ते आणतात. ही बाजरी ऑक्टोबरात घरात असते. डिसेंबरात ती खाल्लेली असते, विकलेली असते, नाहीतर ट्रॅक्टरमध्ये भरून फडावर गेलेली असते. नाताळात सण घेतला तर वेदीपुढे रास कशाची लागणार? दुकानातून आणलेल्या पाकिटांची?

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या उपजाची टोपली परमेश्वरापुढे ठेवायला सांगितली आहे. टोपली ठेवल्यावर आनंद करायचा तो जमिनीचा वाटा नसलेल्या लेव्याने (देवाच्या सेवेतल्या वंशातल्या माणसाने) आणि आपल्यात राहणाऱ्या उपऱ्यानेही, असं तिथेच लिहिलं आहे. ज्याला जमिनीचा वाटा नाही त्याला सणात आधी जागा आहे. आपल्या मंडळीत अशी घरं कोणती, हे मी नावं न घेताही सगळ्यांना ठाऊक आहे.

लिलावाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कमिटीचा सगळा भर त्याच्यावर आहे.

बाजरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये आहे. त्या हिशेबाने पाच किलो बाजरीचे १४० रुपयेही होत नाहीत. पण लिलावात तीच पाच किलो हजाराला जाते. नारळ पाचशेला जातो. ज्याने घेतला तो "पुन्हा मंडळीला" म्हणतो, नारळ परत टेबलावर येतो, पुन्हा एकवार, दोनवार, तीनवार. एकच कोंबडा दुपारभर अर्ध्या गावाच्या हातून फिरतो आणि शेवटी कुणीतरी तो पाळकांच्या घरी पोचवतो. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण यात सौदा नसतोच. देणाऱ्याला आपल्या दानाची बोली वाढताना बघायची असते आणि घेणाऱ्याला त्या दानाचा मान करायचा असतो. आपल्याच गल्लीतल्या बाईने आणलेल्या अंड्यांवर आपल्याच गल्लीतला माणूस शंभराची बोली लावतो, तेव्हा ती बाई अंगणातच उभी असते.

त्या शंभराची किंमतही कमिटीने मोजावी. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्यानंतर टनाला ३६६ रुपये मिळू लागले. त्या हिशेबाने शंभराची बोली लावणारं जोडपं पाव टनाहून जास्त ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत भरल्याची मजुरी देतं. विधवेने दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या आणि प्रभूने शिष्यांना जवळ बोलावून तिच्याकडे बघायला सांगितलं, ही गोष्ट आपण शब्बाथ शाळेत दरवर्षी मुलांना शिकवतो. प्रभू तेव्हा पेटीसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता, असं मार्काच्या बाराव्या अध्यायात आहे. कमिटीनेही रक्कम मोजताना देणाऱ्याकडे बघावं, एवढीच विनंती.

नाताळात लिलाव घेतल्यावर काय होतं हे शेजारच्या काही मंडळ्यांत मी बघितलं आहे. मोठ्या बोलीची माणसं पुढच्या रांगेत, त्यांना वेगळ्या खुर्च्या, माईकवरून नावं, शाल-नारळ. बोली पाच हजारापासून सुरू होते आणि गावातला माणूस तोंडच उघडत नाही. तो मागे उभा राहून टाळ्या वाजवतो आणि लेकरांना भजी खाऊ घालून घरी जातो. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगल्या जागी बसवून गरिबाला उभं ठेवणाऱ्यांना काय म्हटलं आहे ते दुसऱ्या अध्यायात आहे. पुण्या-मुंबईची माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. माझा सख्खा भाऊ त्यांच्यात आहे. व्यवस्था अशी लावली की चांगल्या माणसाकडूनही हेच घडतं.

उधारीच्या बोलीचा प्रश्न वेगळा, आणि तो आपल्याकडेही आहे. भरात बोली लावली जाते, "नंतर देतो" म्हटलं जातं आणि पुढच्या ईस्टरपर्यंत खजिनदारांना त्या माणसाच्या दारात जावं लागतं. मग थकबाकीची यादी वाचली जाते आणि यादीतला माणूस चर्चला यायचं बंद करतो. मला वाटतं बोली रोखीचीच ठेवावी, किंवा फोनवरून जागेवर भरायची. लहान बोली लागली तरी चालेल. तरुण संघाच्या मुलांनी टेबलाशी बसून पावती तिथल्या तिथे फाडून द्यायची तयारी दाखवली आहे.

ठेक्याबद्दल. कमिटीतल्या एका बंधूंनी म्हटलं की बायकांना एवढा त्रास कशाला, ठेकेदार येऊन सगळं करेल, आपल्याला रक्कम आधीच मिळेल. त्यांचा हेतू चांगला होता. पण बाजाराच्या आदल्या रात्री चर्चच्या मागच्या पडवीत काय चालतं ते त्यांनी एकदा येऊन बघावं.

दुपारपासून कांदा, खोबरं, तीळ भाजायचं काम सुरू होतं. मासवडीचं सारण पाट्यावरच वाटायचं असा आमच्यातल्या म्हाताऱ्यांचा हट्ट आहे, म्हणून तीन घरांचे पाटे-वरवंटे हातगाडीवर घालून आणावे लागतात. बेसन घोटायला ताकदीचा हात लागतो, ते काम तरुण संघाची मुलं करतात, आणि गुठळी झाली तर बायका त्यांना बाजूला करून स्वतः घोटतात. ओल्या फडक्यावर बेसन थापायचं, त्यावर सारण पसरायचं, फडकं दोन्ही बाजूंनी उचलून वडी मिटवायची आणि बोटांनी दाबून माशासारखी निमुळती करायची. चार इंचांची वडी फुटू न देता उलगडायला नवी सून शिकते ती इथेच. शेजारी बसलेल्या तिच्या सासूशी ती घरात बोलत नसेल तरी फडकं धरायला दोघी लागतात. पहाटे चारला तीन दगडांच्या चुली पेटतात, भाकरी थापायला सहाजणी बसतात. या रात्री गाणी होतात, प्रार्थना होतात, कुणाची पोरगी कुठे शिकते आहे, कुणाच्या घरी दुखणं आहे, कुणाची उचल फिटायची राहिली, ते सगळं कळतं. महिला मंडळाला वर्षभर कुणाच्या दारात जायचं ते या एका रात्रीत ठरतं. ठेकेदार आला तर त्याच्याकडची नूडल्स आणि पॉपकॉर्न विकली जातील आणि रक्कमही येईल. ही रात्र मात्र होणार नाही.

गावाचाही विचार करा. आपल्या बाजाराला सगळं गाव येतं. मोठी पातेली आणि काहिली आपण सप्ताहाच्या मंडळींकडून आणतो, आणि अखंड हरिनाम सप्ताहात आपल्या सतरंज्या आणि लोखंडी टेबलं देवळापुढे जातात. मांडववाले चाचा आपल्याकडून नेहमी निम्मे पैसे घेतात. दुपारी मासवडी-भाकरीच्या ताटासाठी जी रांग लागते तिच्यात अर्ध्याहून जास्त माणसं चर्चची नसतात. घोंगडी टाकून जमिनीवर पंगत बसते, कोण कुठल्या आळीचा हे कुणी विचारत नाही. ज्या गावात आपल्या आज्या-पणज्यांना आडावर पाणी भरू देत नव्हते त्या गावात आपल्या हातची भाकरी सगळं गाव मागून खातं. मला विचाराल तर आपल्या बाजाराची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे आणि ती कुठल्याही वहीत लिहिली जात नाही. ही पंगत ठेकेदाराच्या स्टॉलवर बसणार नाही.

सोडतीबद्दल थोडक्यात. तिकिटं विकून चिठ्ठी काढणं म्हणजे खासगी लॉटरी. शासनाच्या परवानगीशिवाय ती चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या २९७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. एवढं कारण पुरेसं आहे. मुलांच्या खेळांना, रिंग टाकणं, बादलीतल्या पाण्यात नाणं सोडून वाटीत पाडणं, याला कुणाची हरकत नाही. ते खेळ तरुण संघ करतोच.

हंगाम बुडालेल्या वर्षाबद्दलही लिहायला हवं, कारण बाजार हलवायला "पीकच नसतं तर सण कशाचा" हेही कारण दिलं गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या भागात जो पाऊस झाला त्यात काढणीला आलेली बाजरी कणसातच उगवली, कपाशीची बोंडं काळी पडली, ओढ्याकाठच्या काही रानांतली मातीसुद्धा वाहून गेली. तरी आपण सण घेतला. रास लहान होती. ज्यांच्याकडे आणायला काही नव्हतं त्यांनी सरपण फोडून दिलं, पाणी वाहिलं, अंगण सारवलं. एका घराने चिखलातून वेचून काढलेली, काळपट डागांची बाजरी आणली होती. पाळकसाहेब, त्या बाजरीवर तुम्ही जी प्रार्थना केलीत ती ऐकून माणसं रडली होती, हे तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी वही बघितली तर बाजार पडला असंच दिसेल. पण त्या वर्षी सण नसता तर ती घरं एकेकटी घरात बसली असती आणि तशीच ट्रॅक्टरमध्ये चढली असती.

आता हिशेबाचं. बाजार आमच्या हातात ठेवायचा तर पैशाचं कामही आम्ही चोख केलं पाहिजे. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती नेताना त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी पसंत केलेली माणसं घेतली, आणि एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी आपल्याला दोष लावू नये म्हणून आपण हे करतो, असं करिंथकरांस दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहिलं. प्रेषिताला जे जरूरीचं वाटलं ते आपल्याला जड का जावं? पैसे मोजायला कमिटीचा एक, महिला मंडळाची एक आणि तरुण संघाचा एक असे तिघे बसावेत. मोजणी चर्चमध्येच, सर्वांसमोर व्हावी. बेसन, तेल, मांडव, लाऊडस्पीकर यांचा खर्च आणि उरलेली रक्कम त्याच संध्याकाळी बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहावी. आपला ट्रस्ट नोंदलेला आहे, वर्षाअखेर लेखापरीक्षण होतंच. पण ते कागद किती जण बघतात? फळा येणारा-जाणारा प्रत्येकजण वाचतो.

फळ्याचा आणखी एक उपयोग आहे. चर्च परदेशी पैशावर चालतं, असं हल्ली कुणीही उठून बोलतं आणि आपली शाळा-कॉलेजातली मुलं ते ऐकून गप्प बसतात. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. शाळा, दवाखाने, या जिल्ह्यातली कितीतरी चर्चं त्या पैशातून उभी राहिली, ते लपवण्यासारखं काही नाही, त्याबद्दल आपण देवाचे आभारच मानतो. पण मिशनचे दिवस संपून जमाना झाला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं त्याच्याही आधीपासून खेड्यांतल्या मंडळ्या आपल्या पाळकांना धान्यावर आणि अंड्या-कोंबड्यांवर सांभाळत आल्या आहेत. आपल्या मुलांना हे माहीत असायला हवं. कोणत्या पैशातून वीजबिल भरलं ते फळ्यावर लिहिलेलं असेल तर मूल मित्राला हाताला धरून तिथे नेऊ शकतं.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला डीजे आणायचा विचार चालला आहे असंही कानावर आलं. ना. वा. टिळकांनी याच जिल्ह्यात, राहुरीला आणि नगरला राहून भजन-कीर्तन मंडळीत रुजवलं. टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं कीर्तन करणारे बुवा आपल्या तालुक्यात अजून आहेत, आणि त्यांना ऐकायला देवळाकडची माणसंही येऊन बसतात. डीजेच्या खर्चात कीर्तन होऊन वर दोन पोती साखर येईल.

पुण्या-मुंबईच्या भावाबहिणींना आता सरळ लिहिते. तुमचं देणं आम्हाला हवं आहे, छतासाठी तर फारच हवं आहे. त्यासाठी बाजार हलवायची गरज नाही. नाताळात तुम्ही गावी असता तेव्हा एका संध्याकाळी उपासनेनंतर फक्त छताच्या दानाची वेगळी सभा घेऊ. कौलं किती लागतील, वासे कुठून आणायचे, मिस्त्री काय म्हणतो, सगळं समोर ठेवू. ज्याला शंभर कौलांचं द्यायचं त्याने शंभरांचं द्यावं, ज्याला एका वाशाचं द्यायचं त्याने वाशाचं द्यावं. नावं पुकारायची नाहीत, खुर्च्या मांडायच्या नाहीत. आणि जमलं तर बाजाराला एक दिवस सुट्टी काढून या. आदल्या रात्री या. पाटा उचलायला आणि सरपण फोडायला माणसं कमी पडतात. तुमच्यातल्या बहुतेकांचे आईवडील कधी ना कधी ट्रॅक्टरमधून फडावर गेलेले आहेत. तुम्ही शिकलात ते त्याच पैशावर. ज्यांची मुलं आज त्याच ट्रॅक्टरवर चढणार आहेत त्यांच्याशेजारी एक दिवस बसून भाकरी खा, त्या मुलांना तुमच्या शाळेचं, वसतिगृहाचं, नोकरीचं सांगा. तालुक्याला कोणत्या वसतिगृहात जागा आहे, फॉर्म कधी भरायचा, हे तुम्ही फोन करून विचारू शकता. त्यांच्या आईबापांना विचारायला वेळही नसतो आणि धीरही होत नाही. बाजाराच्या दिवशी पाच मुलांची जरी अशी सोय लागली तरी त्या दिवशी जमलेल्या रकमेपेक्षा ते मला मोठं वाटेल.

सणाच्या शेवटी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी पाळकसाहेब जी प्रार्थना करतात तिचा कमिटीच्या ठरावात उल्लेखही नाही. लिलाव संपला, पंगत उठली की कोयत्याची घरं वेदीपुढे येतात. बायका लेकरांना पुढे उभं करतात. पाळक एकेका डोक्यावर हात ठेवतात, आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं मंडळी वाटून घेते : या आजोबांचं दूध अमक्या घरून, त्या आजीच्या गोळ्या अमकी आणून देईल, शाळेसाठी मागे ठेवलेलं पोरगं कुणाच्या ओसरीवर झोपेल. हे कुठल्या नियमात नाही. बाजाराच्या दिवशी सगळे एका जागी असतात म्हणून ते घडतं. गेल्या वर्षी मागे राहिलेल्या एका आजीला रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा तिला दवाखान्यात नेणारा मुलगा हा बाजारात तिचं नाव घेतलेला मुलगाच होता. हा सण डिसेंबरात गेला तर ही वाटणी कधी करायची? ट्रॅक्टर सुरू असताना रस्त्यात उभं राहून?

कमिटीने येत्या रविवारी उपासनेनंतर सर्व मंडळीची सभा घ्यावी आणि बाजाराच्या तारखेवर तिथे निर्णय करावा. सभा महिन्याअखेरपर्यंत लांबवू नये, कारण मुकादमांनी टोळ्यांना तारखा द्यायला सुरुवात केली आहे आणि जी घरं लवकर निघणार आहेत त्यांचंही मत त्यात यायला हवं. सभेत महिला मंडळाच्या वतीने मी आणि तरुण संघाच्या वतीने त्यांचे सेक्रेटरी बोलतील.

आमच्या बाजूने तयारी अशी आहे. मांडववाल्या चाचांशी बोलणं झालं आहे, दसऱ्यानंतरचे दोन रविवार त्यांनी मोकळे ठेवले आहेत. सप्ताहाच्या मंडळींनी काहिली द्यायला होकार दिला आहे. बेसन आणि तेलासाठी लागणारे पैसे महिला मंडळाच्या भिशीतून आम्ही उसने काढू आणि बाजाराच्या रकमेतून पहिल्यांदा तेच परत करू, म्हणजे चर्चच्या खात्याला हात लावावा लागणार नाही. भाकरीला सहाजणी ठरल्या आहेत. पावतीपुस्तक छापायचं राहिलं आहे, त्यावर कमिटीचा शिक्का लागेल. सेक्रेटरीसाहेब, तो सोमवारपर्यंत मिळाला तर मुलं तालुक्याला जाऊन छापून आणतील.

आपली बहीण,
महिला मंडळाची कार्यकर्ती